मराठी संकेतस्थळावर जाहिराती सुरू करण्यापूर्वीची तयारी

गूगलच्या ॲडसेन्सकडे जाहिरातींसाठी अर्ज करण्याआधी आपला सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना सारख्याच कळणाऱ्या अक्षर-संकेतांत, आहे की नाही, हे प्रथम तपासावे. जिल्हा साप्ताहिके, दिवाळी अंक आणि छोटे प्रकाशक यांच्याकडे श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांमधला बराच मजकूर पडून असतो. तो पडद्यावर मराठी दिसला, तरी यंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग असते; शोधयंत्राला तो सापडत नाही आणि जाहिरात-यंत्रणेला त्याचा विषय कळत नाही. नुसत्या चित्ररूपात चढवलेल्या पानांचीही तीच गत होते. रूपांतरक वापरल्यानंतर प्रत्येक लेख माणसाने वाचून काढलाच पाहिजे, कारण रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी यांत हटकून चुका राहतात. काम कंटाळवाणे आहे, पण पुढचे उत्पन्न त्याच्यावरच उभे राहते.

संकेतस्थळांवर जाहिराती दाखवून मालकाला पैसे देणारी गूगलची ॲडसेन्स ही सेवा २००३ मध्ये सुरू झाली, तिच्यात हिंदीचा समावेश २०१४ च्या अखेरीस झाला आणि मराठीचा २०१८ मध्ये. त्यामुळे आज अर्ज परत आला, तर त्याचे कारण भाषेत न शोधता मजकुरात शोधावे. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेले लेख, दुसरीकडून उचललेल्या बातम्या आणि यंत्राने भाषांतरित केलेली पाने काढून टाकावीत. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी साहित्य स्वामित्वमुक्त होते हे खरे, पण असे साहित्य जसेच्या तसे चढवले, तर त्यात आपली भर काय, हा प्रश्न उरतोच. टीप, संदर्भ किंवा प्रस्तावना जोडूनच ते द्यावे. स्वतःच्या मालकीचे डोमेन, आपली ओळख सांगणारे पान, संपर्काचे पान आणि गोपनीयता धोरण एवढे तयार असावे. गोपनीयता धोरणात जाहिरातदारांच्या कुकींचा (वाचकाच्या ब्राउझरमध्ये साठवल्या जाणाऱ्या छोट्या नोंदींचा) स्पष्ट उल्लेख हवा. लंडन किंवा म्युनिकमधील मराठी माणसे आपले संकेतस्थळ वाचत असतील, तर १६ जानेवारी २०२४ पासून ब्रिटन आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रातील वाचकांना जाहिराती दाखवण्यासाठी गूगलने प्रमाणित केलेली संमती-यंत्रणा, म्हणजे कुकींसाठी वाचकाची परवानगी विचारणारी चौकट, लागते, हेही लक्षात ठेवावे.

पैसे हातात येण्याची वाट पानावर जाहिरातींचा कोड लावण्याआधीच मोकळी करून ठेवावी, कारण अडकणारे बहुतेक जण येथेच अडकतात. खातेदाराचे वय १८ पूर्ण हवे आणि खात्यावरील नाव पॅन कार्ड व बँक खाते यांच्याशी अक्षरशः जुळावे. जमा रक्कम १० डॉलरच्या आसपास पोहोचली की पत्ता पडताळण्यासाठी साध्या टपालाने सहा अंकी पिन येतो. त्याला दोन ते चार आठवडे लागतात, आणि चार महिन्यांत तो भरला नाही, तर जाहिराती बंद होतात. माझे पहिले पत्र आलेच नाही, कारण पत्त्यात मी फक्त वाडीचे नाव लिहिले होते आणि आमचे टपाल कार्यालय शेजारच्या गावात आहे. पत्ता रोमन लिपीत, पण टपाल कार्यालय, तालुका, जिल्हा आणि पिनकोड यांसह लिहावा, आणि असे पत्र येणार असल्याचे पोस्टमनकाकांना आधीच सांगून ठेवावे. पतसंस्थेचे खाते या कामी चालत नाही. परदेशातून रक्कम स्वीकारणारी बँक निवडावी, तिचा स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारांत बँक ओळखण्याचा संकेत) शाखेत जाऊन लेखी घ्यावा आणि परकीय रकमेचे प्रयोजन विचारले गेल्यास जाहिरात सेवेसाठीचा पी१००७ हा सांकेतिक क्रमांक हाताशी ठेवावा. प्रत्येक रकमेचे बँकेचे सूचनापत्र जपून ठेवले, की आर्थिक वर्षाच्या शेवटी सनदी लेखापालांना नव्याने काही शोधावे लागत नाही.

मंजुरी मिळाल्यावर संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरमध्ये 'ॲड्स.टीएक्सटी' (ads.txt) ही छोटी फाईल ठेवावी. आपली जाहिरातीची जागा विकण्याचा अधिकार कोणाला आहे, हे त्यात नोंदलेले असते, आणि आपल्या नावाने खोटी जागा विकणाऱ्यांना रोखण्यासाठी ही पद्धत २०१७ मध्ये आली.

घरच्यांना आणि मित्रांना एक गोष्ट नीट समजावून सांगणे हाही तयारीचाच भाग आहे. मदत म्हणून कोणीही जाहिरातींवर क्लिक करू नये. कौटुंबिक ग्रुपवर 'सगळ्यांनी एकेक क्लिक करा' असा प्रेमाने टाकलेला निरोप खाते कायमचे बंद होण्यास पुरेसा ठरू शकतो. स्वतःच्या जाहिरातीवर तर तपासणीसाठीही क्लिक करू नये.

जाहिरातींची जागा ठरवताना वाचकाचा मोबाइल डोळ्यांसमोर असावा. देवनागरी फॉन्टच्या फाईली रोमनपेक्षा जड असतात. त्यामुळे एकाच फॉन्ट-कुटुंबाच्या दोन जाडींवर भागवावे, म्हणजे मजकुरासाठी एक आणि शीर्षकांसाठी एक. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' हा मुक्त फॉन्ट यासाठी चांगला आहे. जाहिरातीच्या चौकटीची उंची आधीच राखून ठेवावी. नाही तर जाहिरात उशिरा येते, मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचकाची ओळ हरवते. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, हे गूगलचे प्रमाण तालुक्याच्या गावातील मोबाइल नेटवर्कवर तपासावे. हजार शब्दांच्या लेखात दोन-तीन जाहिराती पुरेत, असे माझे ठाम मत आहे.

फीडचा, म्हणजे नवे लेख वाचकाच्या ॲपमध्ये आपोआप पोहोचवणाऱ्या व्यवस्थेचा, विचार स्वतंत्रपणे करावा, कारण तेथे संकेतस्थळाचे नियम चालत नाहीत. फीड वाचणारी ॲप्स स्क्रिप्ट गाळून टाकतात, म्हणून पानावरचा जाहिरातीचा कोड फीडमध्ये टाकून उपयोग नाही. गूगलने २००७ मध्ये फीड पुरवणारे फीडबर्नर विकत घेतले, २००८ मध्ये फीडमधील जाहिराती सर्वांसाठी खुल्या केल्या आणि २०१२ मध्ये ही जाहिरातींची सेवाच बंद केली. पुढे २०२१ मध्ये फीडबर्नरची ईमेल वर्गणीही थांबली. ज्यांनी वाचकांना फीडबर्नरचा पत्ता दिला होता आणि वर्गणीदारांची यादीही तेथेच राहू दिली होती, त्यांना घाईने स्थलांतर करावे लागले. म्हणून फीडचा पत्ता पहिल्या दिवसापासून आपल्याच डोमेनवर असावा आणि वर्गणीदारांची यादी दर महिन्याला उतरवून ठेवावी. फीडमध्ये पूर्ण लेख द्यावा की केवळ सारांश, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. सारांश दिला तर वाचक संकेतस्थळावर येतो आणि जाहिरात दिसते, पूर्ण लेख दिला तर चोरी सोपी होते. तरीही मी पूर्ण लेख देण्याच्या बाजूचा आहे, कारण फीड घेणारा वाचक सर्वांत निष्ठावान असतो आणि त्याला अर्ध्यावर तोडणे योग्य नाही. प्रत्येक लेखाच्या शेवटी मूळ दुवा द्यावा आणि त्याखाली प्रायोजकाची एक साधी ओळ ठेवावी.

ही ओळ थेट स्थानिक जाहिरातदाराला विकता येते, आणि छोट्या मराठी संकेतस्थळासाठी मला हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. गावातील सराफ, कृषी सेवा केंद्र, शिकवणी वर्ग यांच्यासाठी एका पानाचे दरपत्रक तयार करावे. त्यात जागा, कालावधी, रक्कम आणि मागील तीन महिन्यांची खरी वाचकसंख्या असावी. अशा मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द ठळक असावा आणि दुवा प्रायोजित असल्याची खूण कोडमध्ये करावी. मधुमेह मुळापासून बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यात बसत नाही, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींना २०२५ च्या कायद्याने मनाई आहे. नकाराचे उत्तर आधीच लिहून ठेवले म्हणजे ओळखीच्या माणसापुढे अवघडल्यासारखे होत नाही. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे जाऊ लागली, की जीएसटी नोंदणीचा विचार करावा.

शेवटी एक वही किंवा तक्ता आखावा. हजार पानदर्शनांमागे किती रुपये मिळाले, हा आकडा दर आठवड्याला लिहावा. समजा महिन्याला ४०,००० पानदर्शने आणि हजारामागे ६० रुपये असा हिशेब धरला, तर २,४०० रुपये होतात, म्हणजे गूगल पैसे पाठवते ती १०० डॉलरची किमान रक्कम गाठायला जवळजवळ चार महिने लागतील. सर्व्हर, डोमेन आणि लेखकांचे मानधन या चार महिन्यांत कोठून द्यायचे, हे त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. दिवाळीच्या आसपास दर वाढतात आणि जानेवारीत उतरतात, म्हणून ऑक्टोबरच्या आकड्यावर वर्षाचे अंदाजपत्रक बांधू नये. १०० डॉलर पूर्ण झाले की पुढील महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान रक्कम निघते. ती खात्यात जमा झाल्यावर बँकेने कापलेले शुल्क वेगळ्या रकान्यात मांडावे.