प्राथमिक शिक्षक होण्यासाठी परदेशी शिकायला निघताय? या चुका टाळा

डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका झाली, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षाही पास झाली, पण पवित्र पोर्टलवरच्या भरतीची वाट बघण्यात वर्षं चालली आहेत. तोवर खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर पहिली-दुसरीचे वर्ग घेणं सुरू आहे. अशात कुणीतरी सांगतं, "बाहेर शिक्षकांची टंचाई आहे, तिकडे जा." त्या एका वाक्यावर घरदार कामाला लागतं, कर्जाची चौकशी होते, एजंटाकडे फेऱ्या सुरू होतात.

टंचाई आहे, पण ती कुठल्या वर्गाला आहे हे आधी विचारा. इंग्लंडला चणचण भासते ती मुख्यतः माध्यमिकच्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांची. प्राथमिकमध्ये उलट, जन्मदर घटल्यामुळे मुलांची संख्याच कमी होते आहे. न्यूझीलंडचं चित्र वेगळं आहे. तिथे २०२५ मध्ये प्राथमिक शिक्षकांना 'ग्रीन लिस्ट'मध्ये, म्हणजे टंचाईच्या पेशांच्या यादीत, थेट कायम वास्तव्याच्या गटात घेतलं गेलं. म्हणजे 'परदेश' असा एकच विचार करून चालत नाही. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पुढच्या चुकीची, कारण ती महागात पडते आणि लक्षात येते तेव्हा फी भरून झालेली असते.

पदवीलाच परवाना समजणं

एम.ए. इन एज्युकेशन, एम.एड., मास्टर्स इन एज्युकेशन अशी नावं वाचली की आपल्याला वाटतं, हे केलं की शिक्षक झालो. बहुतेक देशांत तसं नाही. हे अभ्यासक्रम शिक्षणशास्त्राचे असतात. त्यात धोरण, संशोधन, व्यवस्थापन शिकवतात, पण वर्गावर जाण्याचा परवाना मिळत नाही.

इंग्लंडमध्ये सरकारी शाळेत शिकवायला क्यूटीएस हा पात्र शिक्षकाचा दर्जा लागतो. तो पीजीसीई या पदवीनंतरच्या शिक्षक-प्रशिक्षणासोबत मिळतो, पण प्रत्येक पीजीसीईसोबत नाही. 'क्यूटीएससह' आणि 'क्यूटीएसविना' असे दोन्ही प्रकार एकाच विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शेजारी शेजारी दिसतात. ऑस्ट्रेलियात मास्टर ऑफ टीचिंग, त्यातही 'प्रायमरी' असं स्पष्ट लिहिलेला कोर्स हवा. मास्टर ऑफ एज्युकेशन त्या कामाचा नाही. अमेरिकेत परवाना राज्य देतं. एकाच विद्यापीठात एक एम.एड. परवान्यासह आणि दुसरं त्याशिवाय असू शकतं, आणि कॅलिफोर्नियात चालणारी कागदपत्रं टेक्सासमध्ये जशीच्या तशी चालत नाहीत. शिवाय पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करण्याच्या परवानगीवर, मिळतात ते १२ महिने. अभियांत्रिकीच्या मुलांना मिळणारी वाढीव मुदत प्राथमिक शिक्षणाला नाही.

फिनलंडचं नाव तर प्रत्येकाच्या तोंडी असतं. तिथे पहिली ते सहावीच्या वर्गशिक्षकाला मास्टर्स लागते आणि ते प्रशिक्षण जवळपास सगळं फिनिश किंवा स्वीडिशमध्ये चालतं. इंग्रजीतले शिक्षणशास्त्राचे मास्टर्स आहेत आणि चांगले आहेत, पण बहुतेकांतून वर्गशिक्षकाची पात्रता मिळत नाही. जर्मनीत फी नगण्य असते म्हणून आकर्षण वाटतं, पण प्राथमिकच्या शिक्षकाला तिथे जवळपास मातृभाषेच्या तोडीचं जर्मन लागतं, आणि १६ राज्यांचे १६ नियम. आयर्लंड इंग्रजी बोलणारा देश म्हणून सोपा वाटतो, मात्र तिथल्या प्राथमिक शिक्षकाला आयरिश भाषा शिकवता यावी लागते. मुलांना पहिलीपासून सक्तीचं मराठी शिकवायचं आणि स्वतःला मराठीचा गंध नाही, असा शिक्षक आपण तरी घेऊ का?

यावरचा उपाय एका ईमेलचा आहे. प्रवेश कार्यालयाला विचारा: "हा कोर्स पूर्ण केल्यावर मला कोणत्या संस्थेकडे, कोणत्या वयोगटाच्या मुलांना शिकवण्यासाठी नोंदणी मिळेल?" उत्तरात संस्थेचं नाव आलं पाहिजे. कॅनडातल्या ऑन्टारियोसाठी ऑन्टारियो कॉलेज ऑफ टीचर्स, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियासाठी व्हीआयटी, न्यू साउथ वेल्ससाठी नेसा, स्कॉटलंडसाठी जीटीसी. मग त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त कोर्सच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी नाव शोधा. एजंटाचा शब्द इथे पुरेसा धरू नका. त्याला कमिशन विद्यापीठाकडून मिळतं, आणि ज्या विद्यापीठाशी करार नाही त्याचं नाव तो सहसा घेत नाही.

चुकीच्या कोर्सला प्रवेश घेऊन बसला असाल तर व्हिसाचा अर्ज करण्याआधी थांबा. त्याच विद्यापीठात परवान्याचा कोर्स असेल तर बदली मागा किंवा प्रवेश पुढच्या वर्षावर न्या. व्हिसा झाल्यावर कोर्स बदलणं फार किचकट होतं. भरलेली अनामत बुडाली तरी ती दोन वर्षांच्या फीपेक्षा कमीच असते.

इथली पात्रता तिथे कशी मोजली जाते हे न पाहणं

ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही पहिली ते पाचवीसाठीची पात्रता नाही, असा निकाल दिला. डी.एल.एड.वाल्यांना तेव्हा हायसं वाटलं. परदेशात मात्र डी.एल.एड.ची अडचण वेगळी आहे, ती पदविका आहे. ऑस्ट्रेलियात प्राथमिक शिक्षक म्हणून कौशल्य तपासणारी एआयटीएसएल ही संस्था किमान चार वर्षांचं पूर्णवेळ उच्च शिक्षण मागते, त्यात शिक्षक-प्रशिक्षण हवं आणि किमान ४५ दिवसांचा देखरेखीखालचा अध्यापन सराव हवा. सराव कुठल्या वयाच्या मुलांसोबत झाला हेही बघितलं जातं. बी.एड.चे पाठ आठवी-नववीला घेतले असतील तर प्राथमिकसाठी त्यांचा उपयोग नाही.

इंग्लंडने २०२३ पासून भारतासह काही देशांतल्या अनुभवी शिक्षकांना थेट क्यूटीएस मागण्याची सोय केली. ही बातमी व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरली, पण भारतीयांसाठी ती गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्या, ११ ते १६ वयोगटाच्या शिक्षकांपुरती आहे हे कुणी पुढे पाठवलं नाही. पहिलीच्या बाईंना तिचा उपयोग नाही.

बारावीत असाल तर माझं मत स्पष्ट आहे. चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक-शिक्षण अभ्यासक्रम, म्हणजे आयटीईपी, प्राथमिक टप्पा निवडून करता आला तर तो करा. चार वर्षांची पदवी, वर्गातला सराव आणि भारतातली पात्रता एकत्र मिळते. डी.एल.एड. झालं असेल तर सोबत पदवी पूर्ण करा. नुसत्या पदविकेवर पुढची दारं जवळजवळ बंद आहेत.

आयईएलटीएसचा बँड मिळाला म्हणजे भाषेचं झालं, असं मानणं

आधी बँडबद्दलच, म्हणजे या इंग्रजीच्या परीक्षेतल्या गुणांबद्दल. इतर कोर्सना ६.५ चालतं म्हणून तेवढ्याची तयारी करू नका. ऑस्ट्रेलियात शिक्षकांसाठी वाचन-लेखनात ७ आणि बोलणं-ऐकण्यात ८ लागतात, आणि अनेक विद्यापीठं मास्टर ऑफ टीचिंगच्या प्रवेशालाच ही अट लावतात. न्यूझीलंडमध्ये चारही भागांत ७. ऑस्ट्रेलियात पदवी हाती पडण्याआधी लँटाइट ही वाचन-लेखन व अंकगणिताची परीक्षाही द्यावी लागते.

पण खरी कसोटी पाच वर्षांच्या मुलांसमोर लागते. आपण बाराखडीवर वाढलो. क, का, कि, की असे व्यंजन-स्वर एकत्र वाचतो, आणि 'क' म्हणताना त्यात 'अ' असतोच. इंग्लंडमध्ये पहिल्या वर्षापासून फोनिक्सने वाचन शिकवतात. कॅट हा शब्द तीन सुट्या ध्वनींत फोडायचा, आणि ते ध्वनी निव्वळ उच्चारायचे. तुम्ही सवयीने 'कअ-ॲ-टअ' म्हणालात की मूल ते जोडून 'कअॲटअ' म्हणतं. त्याला मांजर सापडत नाही. हीच गत 'म'ची. ओठ मिटून लांबवलेला 'म्म्' हवा, आपला 'म' नव्हे. दुसरी अडचण 'व'ची. व्हेट आणि वेट आपल्या तोंडून बहुधा सारखेच येतात. बेड आणि बॅडमधला फरक घाईत पुसला जातो.

हे बारीक वाटेल, पण तिथे २०१२ पासून इयर वनच्या (पाच-सहा वर्षांच्या) प्रत्येक मुलाची जूनमध्ये फोनिक्स चाचणी होते. ४० शब्द, त्यातले २० मुद्दाम निरर्थक, म्हणजे मुलाला अंदाजाने वाचता येऊ नये. शिक्षिका एकेका मुलाला समोर बसवून ते वाचून घेते आणि बरोबर-चूक तिनेच ऐकून ठरवायचं असतं. ज्या कानाला व्हेट-वेट वेगळे ऐकू येत नाहीत, त्या कानाने मुलाला गुण कसे द्यायचे? यात कमीपणा नाही. या ध्वनींचा सराव कुणी आपल्याकडून करूनच घेतलेला नसतो. मागच्या वर्षांच्या चाचण्या ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. रोज दहा मिनिटं मोबाइलवर स्वतःला रेकॉर्ड करा आणि ऐका. सहा महिन्यांत जीभ आणि कान दोन्ही वळतात.

बालसुरक्षेच्या प्रश्नाला घरगुती उत्तर देणं

प्रवेशाच्या मुलाखतीत हमखास विचारतात: एखाद्या मुलीने येऊन सांगितलं, "बाई, एक गोष्ट सांगते, पण कुणाला सांगू नका," तर काय कराल? आपल्याकडची चांगली, मायाळू शिक्षिका म्हणते, "मी तिला विश्वासात घेईन, गुपित ठेवेन, तिच्या आई-वडिलांशी बोलेन." हे उत्तर तिथे नापास होतं. धोका घरातच असू शकतो. गुपित ठेवण्याचं वचन द्यायचं नाही, मुलीचं शांतपणे ऐकायचं, उलटतपासणी करायची नाही, तिच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि शाळेने नेमलेल्या बालसुरक्षा प्रमुखाकडे त्याच दिवशी जायचं. आपल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार इथेही लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी कळवणं बंधनकारक आहे; डी.एल.एड.च्या वर्गात त्याचा सराव क्वचितच होतो. ते कलम वाचून जा. परदेशी गेलात वा नाही, प्राथमिक शिक्षकाला ते पाठ हवंच.

पार्ट-टाइम कामावर खर्चाचं गणित बसवणं

इंजिनिअरिंगच्या मित्राचं बजेट उचलू नका. तुमच्या कोर्सचा मोठा भाग शाळेत जातो. इंग्लंडमध्ये प्रशिक्षणात किमान १२० दिवस शाळेत, तेही किमान दोन वेगवेगळ्या शाळांत. ऑस्ट्रेलियात पदवीनंतरच्या कोर्सला किमान ६० दिवस. या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२५ पासून सरावासाठी भत्ता सुरू केला, पण तो तिथल्या नागरिकांसाठी. सकाळी आठला शाळेत, संध्याकाळी पाठटाचण आणि वह्या. इंग्लंडमध्ये आठवड्याला २० तास काम करण्याची परवानगी कागदावर असली तरी त्या आठवड्यांत काम होत नाही. सरावाच्या महिन्यांत कमाई शून्य धरूनच हिशेब मांडा. शाळा शहराबाहेर मिळाली तर प्रवासखर्च वेगळा. इंग्लंडमध्ये प्राथमिकच्या प्रशिक्षणाला सरकारी बर्सरीही, म्हणजे आर्थिक मदतही, नाही.

शिष्यवृत्तीचंही असंच. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये हवं, आणि शिक्षक-प्रशिक्षणाची कित्येक उत्तम महाविद्यालयं त्या यादीत नाहीत. चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती मास्टर्ससाठी आहे, पीजीसीईसाठी नाही, आणि नंतर दोन वर्षं भारतात परत यावं लागतं.

कागद शेवटच्या महिन्यात गोळा करणं

इथे सर्वाधिक अडतं ते सरावाच्या पुराव्यावर. छात्राध्यापक असताना पाठ घेतलेले असतात, निरीक्षण वहीत मुख्याध्यापकांच्या सह्या असतात, आणि निकाल लागला की ती वही रद्दीत जाते. जपून ठेवा. आंतरवासितेचं, म्हणजे शाळेतल्या सरावाचं, पत्र इंग्रजीत, शाळेच्या लेटरहेडवर घ्या. त्यात तारखा, एकूण दिवस, इयत्ता, मुलांचं वय आणि देखरेख कुणाची होती हे हवं. गेल्या काही वर्षांत राज्यात कितीतरी डी.एड. कॉलेजं बंद पडली. तुमचं त्यात असेल तर आधी जिल्ह्याच्या डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) चौकशी करा, आणि गुणपत्रिकांसाठी पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेकडे. लग्नानंतर नाव बदललं असेल तर गॅझेटची प्रत लागेल. पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र पासपोर्ट सेवा केंद्रातून.

परतीचा रस्ता न बघणं

काही वर्षांनी परत येऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचं स्वप्न असेल, तर इथली पात्रता हातात ठेवूनच जा. पहिली ते पाचवीसाठी एनसीटीई या राष्ट्रीय शिक्षक-शिक्षण परिषदेने ठरवलेली प्रशिक्षणं आणि टीईटी लागते; परदेशी पीजीसीई त्या यादीत नाही. २०२२ मध्ये भारत-ब्रिटन करार झाला आणि तिथल्या एक वर्षाच्या मास्टर्सला इथे मान्यता मिळाली, पण पीजीसीई ही पूर्ण मास्टर्स नाही. मास्टर्सच्या १८० क्रेडिटपैकी सहसा ६० त्यात असतात. मुंबई-पुण्यातल्या आयबी आणि केंब्रिज या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळांत मात्र तिची किंमत आहे.

त्याच शाळांमुळे आणखी एक वाट आहे, तिची चर्चा फार कमी होते. आयक्यूटीएस हे इंग्लंडचं प्रशिक्षण २०२२ पासून सुरू आहे, ते इंग्लंडबाहेर, ब्रिटिश पद्धतीच्या शाळेत काम करता करता करता येतं आणि त्यावर पुढे क्यूटीएस मागता येतो. घरची जबाबदारी असलेल्यांनी आणि ज्यांना लगेच कर्ज झेपणार नाही अशांनी आधी याची चौकशी करावी.

थेट इंग्लंडलाच जायचं पक्कं असेल तर प्रशिक्षणाचे अर्ज तिथल्या सरकारच्या 'अप्लाय फॉर टीचर ट्रेनिंग' सेवेवर ऑक्टोबरमध्ये उघडतात. कोर्स शोधताना व्हिसा प्रायोजित करणाऱ्या संस्थांचा फिल्टर लावा, आणि ट्रान्सक्रिप्ट व आंतरवासितेची पत्रं ऑगस्टपर्यंत हातात असू द्या. प्राथमिकच्या जागा लवकर भरतात.