मोठ्या संख्येचे गुणधर्म कसे शोधावेत: १,२३,४५,६७८ चे उदाहरण

मोठी संख्या समोर आली की बहुतेक जण तिला एकामागून एक कसोट्या लावत सुटतात. हा क्रम उलटा आहे. आधी मूळ अवयव पूर्णपणे पाडावेत. पुढचे बहुतेक वर्गीकरण त्यांतूनच निघते.

पायरी १. संख्या सम आहे आणि अंकांची बेरीज ३६ आहे, म्हणून २ आणि ९ यांनी भाग जातो. उरतात ६,८५,८७१.

पायरी २. खरी अडचण इथे येते. ५ पासून पुढच्या मूळ संख्यांनी क्रमाने भागत जावे. ४३ पर्यंत एकाही संख्येने भाग जात नाही, ४७ ने जातो आणि १४,५९३ उरतात. आता थांबायचे कुठे? ‘निम्म्यापर्यंत भागून पाहा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो निव्वळ वेळखाऊ आहे. दोन्ही अवयव वर्गमूळापेक्षा मोठे असते, तर त्यांचा गुणाकारच संख्येच्या पुढे गेला असता. म्हणून वर्गमूळापर्यंत तपासणे पुरते. मात्र हे वर्गमूळ मूळच्या संख्येचे नव्हे, तर उरलेल्या संख्येचे घ्यावे. पहिले ३,५१३ च्या पुढे जाते. दुसरे १२१ पेक्षाही लहान आहे, कारण १२१ चा वर्ग १४,६४१ होतो. पुन्हा २ पासून सुरुवात करण्याचे कारण नाही, पण ४७ ने पुन्हा भागून पाहावेच, कारण तोच अवयव दोनदा येऊ शकतो. ४७ ते ११३ या सोळा मूळ संख्यांपैकी एकीनेही भाग जात नाही, म्हणून १४,५९३ मूळ आहे.

संख्येच्या रूपावरून ती मूळ ठरवू नये. तितकीच निरागस दिसणारी १४,५७९ ही ६१ × २३९ आहे. ७ आणि १३ च्या विभाज्यतेच्या युक्त्याही मी वापरत नाही. त्या आठवण्यापेक्षा सरळ भागाकार लवकर होतो. बाकी मात्र पूर्णांकात लिहावी. १९ × ७६८ = १४,५९२, म्हणजे बाकी अवघी १; कॅल्क्युलेटरवरचे ७६८.०५ घाईत ७६८ वाचले, की सगळे मुसळ केरात.

पायरी ३. अवयव २ × ३² × ४७ × १४,५९३. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला की विभाजक मिळतात: २ × ३ × २ × २ = २४.

पायरी ४. विपुल संख्या म्हणजे जिच्या स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज तिच्याहून मोठी असते. इथे ती १,४९,७४,२९० येते, पण एवढी आकडेमोड हौसेखातरच करावी. ६ ची ६ पेक्षा मोठी प्रत्येक पट विपुलच असते.

पायरी ५. हर्षद संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जावा लागतो. हे नाव देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी दिले. ९ ने भाग जातो म्हणून ही संख्या हर्षद आहे असे समजू नये. बेरीज ३६ आहे आणि शेवटच्या ७८ ला ४ ने भाग जात नाही, त्यामुळे ती हर्षद नाही.

पायरी ६. दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणूनही ती लिहिता येणार नाही: ४ ने भागल्यावर ३ बाकी देणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक त्यासाठी सम असावा लागतो, आणि इथे ४७ एकदाच आला आहे.