व्हीएमचे ग्रुप पाडून बॅकअप कसा लावायचा: प्रॉक्समॉक्समध्ये पूल, जॉब आणि रिटेन्शन

चार-पाच व्हीएम (म्हणजे एका सर्व्हरवर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीन) असतात तोवर बॅकअपचं काही वाटत नाही, एक जॉब टाकायचा, सगळ्यांवर टिक मारायची, रात्री १ ची वेळ द्यायची, विषय संपला. आकडा तीस-चाळीसवर गेला की तोच जॉब नाकी नऊ आणतो. सकाळी लोक लॉगिन करायला लागले तरी बॅकअप सुरूच असतो, स्टोरेज लाल झालेलं असतं, आणि जी मशीन खरंच महत्त्वाची तिचा नंबर सगळ्यात शेवटी. मग ग्रुप पाडावेच लागतात. मी इथे प्रॉक्समॉक्स व्हीई (व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर, पुढे नुसतं व्हीई) धरून सांगतोय, पण ग्रुप कसे पाडायचे हा भाग व्हीएमवेअर असो की हायपर-व्ही, कुठेही तसाच लागू होतो, बटणं तेवढी बदलतात.

आधी ग्रुप ठरवा, मग स्क्रीन उघडा

बहुतेक जण डिपार्टमेंटप्रमाणे ग्रुप करतात, अकाउंट्सचा एक, एचआरचा एक, टेस्टिंगचा एक. दिसायला छान दिसतं पण बॅकअपसाठी उपयोग शून्य. कारण अकाउंट्सच्या ग्रुपमध्ये डेटाबेस सर्व्हरही असतो आणि प्रिंट सर्व्हरही असतो, डेटाबेसचा एका तासाचा डेटा गेला तर बोंबाबोंब होणार, प्रिंट सर्व्हर आख्खा उडाला तरी दुपारपर्यंत नवा उभा करता येतो. दोघांना एकच शेड्यूल दिलं तर एकावर जागा वाया जाते, नाहीतर दुसऱ्यावर डेटा.

म्हणून प्रत्येक व्हीएमला दोनच प्रश्न विचारायचे: किती वेळाचा डेटा गेला तर चालेल, आणि ती किती वेळात परत उभी राहिली पाहिजे. (यालाच आरपीओ आणि आरटीओ म्हणतात, मीटिंगमध्ये कामाला येतं.) उत्तरं लिहून काढली की ग्रुप आपोआप पडतात आणि बहुतेक ठिकाणी ते तीनच निघतात. एक, ज्यांचा बॅकअप दिवसातून तीन-चार वेळा हवा, म्हणजे डेटाबेस, फाइल सर्व्हर, मेल. दोन, ज्यांचा रात्री एकदा झाला तरी बास, वेब सर्व्हर, ॲप सर्व्हर वगैरे. तीन, टेस्टच्या मशीन, त्यांचा आठवड्यातून एकदा झाला तरी कुणी रडणार नाही. चौथा ग्रुप करावासा वाटला तर आधी कारण विचारा स्वतःला, सात-आठ ग्रुप केले की सहा महिन्यांनी कुठली मशीन कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

एक गैरसमज आत्ताच काढून टाकू. ग्रुपमध्ये टाकलं म्हणजे सगळ्या व्हीएमचा बॅकअप एकाच क्षणाचा होतो असं नाही. एका नोडवर (म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या एका सर्व्हरवर) जॉब एकामागून एक व्हीएम घेतो, त्यामुळे ॲप सर्व्हरचा बॅकअप १ चा आणि त्याच्या डेटाबेसचा पावणेदोनचा असं सर्रास होतं. दोन्ही रिस्टोअर केले तर ॲपला माहीत नसलेल्या एंट्री डेटाबेसमध्ये असू शकतात किंवा उलटं. जिथे हे चालणार नाही तिथे डेटाबेसचा स्वतःचा डंप किंवा लॉग बॅकअप वेगळा लावा, व्हीएमचा बॅकअप त्याला पर्याय नाही.

पूल बनवणे

पूल म्हणजे व्हीएमचा नाव दिलेला ग्रुप. डेटासेंटरवर क्लिक, परमिशन्सच्या खाली पूल्स, तिथे क्रिएट. नाव साधं ठेवा, त्यातून बॅकअपची पातळी कळली पाहिजे. मग डावीकडच्या ट्रीमध्ये पूल दिसतो, त्याच्या मेंबर्समध्ये जाऊन व्हीएम ॲड करायच्या. नवीन व्हीएम बनवताना विझार्डच्या पहिल्याच टॅबवर रिसोर्स पूलचा ड्रॉपडाउन असतो, क्लोन करतानाही असतो, आणि नव्वद टक्के लोक तो रिकामा सोडून पुढे जातात. तो भरायची सवय लावा, कारण पूलवर लावलेला जॉब त्या पूलमध्ये नंतर आलेली मशीनही आपोआप उचलतो, यादी परत एडिट करावी लागत नाही. पूलचा खरा फायदा हाच.

अडचण एकच, एक व्हीएम एका वेळी एकाच पूलमध्ये राहते. तुमच्याकडे आधीपासून परमिशनसाठी पूल वापरात असतील, म्हणजे या टीमला या मशीन दिसाव्यात वगैरे, तर बॅकअपसाठी त्याच मशीनचे वेगळे पूल करता येणार नाहीत. अशा वेळी जॉबमध्ये सिलेक्शन मोड बदलून काम भागवायचं, ते खाली येतंच आहे.

जॉब

डेटासेंटर, बॅकअप, ॲड. पहिल्या टॅबवर नोडचा ड्रॉपडाउन असतो, तो ऑलवरच राहू द्या. तिथे एखादा नोड निवडला तर जॉब फक्त त्या नोडवर चालतो, मग मशीन मायग्रेट होऊन दुसऱ्या नोडवर गेली की तिचा बॅकअप गुपचूप बंद, एरर नाही काही नाही, जॉब हिरवाच दिसतो. क्लस्टरमध्ये (एकत्र जोडलेल्या नोडमध्ये) हा सगळ्यात छुपा खड्डा आहे.

सिलेक्शन मोडमध्ये चार पर्याय मिळतात: निवडलेल्या व्हीएम, सगळ्या, निवडलेल्या सोडून सगळ्या, आणि पूल बेस्ड. वरच्या दोन ग्रुपना पूल बेस्ड लावा. पूल वापरता येत नसतील तर महत्त्वाच्या मशीनचा जॉब टिक मारून करा आणि रोजच्या जॉबला मात्र ‘सोडून सगळ्या’ हा मोड द्या. कारण सांगतो, टिकवाल्या यादीत नवी मशीन टाकायची राहिली तर तिचा बॅकअप कधीच होत नाही, ‘सोडून’वाल्या यादीत टाकायची राहिली तर फार तर तिचा बॅकअप जास्तीचा होतो. विसरणार तर आपण आहोतच, मग विसरलेलं परवडेल अशा बाजूने जॉब लावलेला बरा.

बॅकअपच्या त्याच पानावर, कुठल्याच जॉबमध्ये नसलेल्या मशीन असतील तर प्रॉक्समॉक्स तसं दाखवतं आणि क्लिक केलं की यादी येते. महिन्यातून एकदा ती उघडून बघत जा.

मोड स्नॅपशॉट ठेवा. मशीन चालू राहते आणि बॅकअप होतो. स्टॉप मोडमध्ये मशीन नीट शटडाउन होते, बॅकअप सुरू झाला की लगेच परत चालू केली जाते, थोडा डाउनटाइम येतो पण डेटा एकदम स्वच्छ मिळतो. सस्पेंड मोडचा व्हीएमसाठी विशेष फायदा नाही. आणि स्नॅपशॉट मोड वापरताना गेस्टच्या (म्हणजे व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टमच्या) आत क्यूईएमयू गेस्ट एजंट टाका, व्हीएमच्या ऑप्शन्समध्येही तो चालू करा. एजंट असेल तर बॅकअप सुरू होताना फाइलसिस्टम क्षणभर गोठवली जाते, विंडोजमध्ये हेच काम व्हीएसएस (विंडोजची स्वतःची स्नॅपशॉट सेवा) मार्फत होतं. एजंट नसेल तरी बॅकअप होतो, पण तो वीज अचानक गेल्यावर डिस्क ज्या अवस्थेत सापडेल त्या अवस्थेचा.

शेड्यूल ठरवताना हे लक्षात ठेवा की एका नोडवर एका वेळी एकच बॅकअप जॉब चालतो, दुसरा सुरू झाला तर तो पहिल्याची वाट बघत थांबतो, आणि डिफॉल्ट १८० मिनिटं थांबून शेवटी फेल होतो. म्हणजे तीनही ग्रुपना रात्री १ ची वेळ देऊन उपयोग नाही. आधी महत्त्वाचा ग्रुप, तो साधारण किती वेळात संपतो ते दोन-तीन रात्री लॉगमध्ये बघायचं, मग त्यापुढे रोजचा, आणि टेस्टचा शनिवार-रविवारी. शेड्यूल सिम्युलेटर नावाचं बटण आहे, दिलेलं शेड्यूल पुढे कधी कधी पडणार ते दाखवतं, जॉब सेव्ह केल्यावर एकदा त्यात बघून घ्या.

कम्प्रेशन झेडएसटीडीच ठेवा, फार डोकं लावू नका.

डिस्ककडे मात्र बघा. व्हीएमच्या प्रत्येक हार्ड डिस्कला बॅकअप नावाचा चेकबॉक्स असतो, डिफॉल्टला चालू असतो. कॅशेची किंवा तात्पुरत्या फाइलींची मोठी डिस्क वेगळी असेल तर तिथला टिक काढा, बॅकअपचा वेळ चांगलाच कमी होतो. कंटेनरमध्ये (नोडचंच कर्नल वापरणाऱ्या हलक्या मशीनमध्ये) नेमकं उलटं आहे, रूट डिस्क कायम घेतली जाते पण जास्तीचे माउंट पॉइंट (वेगळ्या जोडलेल्या डिस्क) तुम्ही स्वतः बॅकअप चालू करेपर्यंत घेतले जात नाहीत, आणि बाइंड माउंट (नोडवरचं फोल्डर सरळ आत जोडलेलं) तर कधीच नाही. कंटेनरमध्ये सगळा डेटा बाइंड माउंटवर ठेवलाय आणि बॅकअप ‘सक्सेसफुल’ येतोय म्हणून निवांत आहात, असं असेल तर आत्ताच उठून बघा.

बॅकअप चालू असताना मशीन अडकतात ती का

ही तक्रार इतकी येते की थोडं सविस्तर सांगतो. स्नॅपशॉट मोडमध्ये बॅकअप चालू असताना गेस्टने डिस्कच्या अशा भागावर लिहायला घेतलं जो अजून बॅकअपला गेलेला नाही, तर आधी जुना डेटा बॅकअपच्या ठिकाणी पाठवावा लागतो आणि मगच नवं लिहिता येतं. बॅकअपचं स्टोरेज स्लो असेल, समजा जुन्या हार्ड डिस्कवरचं एनएफएस (नेटवर्कवरून जोडलेलं स्टोरेज), तर गेस्टचं लिहिणंही तेवढंच स्लो होतं. युजरला वाटतं सर्व्हर हँग झाला, आणि तुम्ही सीपीयू बघत बसता, तो तर निवांत असतो.

यावर ८.२ पासून फ्लीसिंग आलंय. जॉबच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ते चालू करायचं आणि एखादं फास्ट लोकल स्टोरेज द्यायचं, मग तो जुना डेटा आधी तिथे टाकला जातो आणि गेस्ट पुढे जातो. स्टोरेज थिन प्रोव्हिजनिंगवालं (जागा लागेल तशीच घेणारं) द्या, एलव्हीएम-थिन किंवा तसलं, आणि त्यात मोकळी जागा ठेवा. महत्त्वाच्या ग्रुपला हे लावाच, त्याचा बॅकअप दिवसाढवळ्या चालणार आहे. टेस्टच्या ग्रुपला नसलं तरी चालतं. नेटवर्कच भरून जात असेल तर त्याच टॅबवर बँडविड्थ लिमिट आहे, पण ते घट्ट आवळलं की बॅकअप लांबतो आणि मागचा जॉब रांगेत ताटकळतो, तेव्हा जरा बेतानेच.

रिटेन्शन, म्हणजे किती दिवसांचं ठेवायचं

जॉबमध्ये रिटेन्शन दिलं नाही तर स्टोरेजवर दिलेलं लागू होतं, तिथेही नसेल तर सगळं ठेवलं जातं, डिस्क भरेपर्यंत. डेली ७, वीकली ४, मंथली ६ असं दिलं तर रोज एक बॅकअप धरून जास्तीत जास्त १७ कॉप्या राहतात, कारण डेलीमध्ये मोजलेले बॅकअप वीकलीत परत मोजत नाहीत, जिथे डेली संपतं तिथून मागे वीकली सुरू होतं. साध्या स्टोरेजवर प्रत्येक कॉपी पूर्ण असते. कम्प्रेस होऊन ३० जीबी होणाऱ्या एकाच मशीनच्या १७ कॉप्या म्हणजे ५१० जीबी, आता ग्रुपमधल्या मशीनच्या संख्येने गुणा आणि मग डिस्क मागवा. महत्त्वाच्या ग्रुपचा बॅकअप दिवसातून चारदा होत असेल तर कीप लास्टही (शेवटचे इतके बॅकअप ठेवा) द्या, नाहीतर कालच्या चारपैकी शेवटचाच उरतो. मोठं अपग्रेड करायच्या आधीचा बॅकअप प्रोटेक्टेड करून ठेवा, तो प्रूनमध्ये (जुने बॅकअप काढून टाकताना) उडत नाही.

ग्रुप मोठे असतील तर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वापरा, सरळ. तिथे डेटा चंक्समध्ये (छोट्या तुकड्यांत) डीडुप होऊन बसतो, म्हणजे तोच तुकडा दोनदा साठत नाही, पहिल्यानंतर फक्त बदललेलं जातं. मशीन बंद करून परत चालू केली की पुढच्या वेळी डिस्क पूर्ण वाचावी लागते, म्हणून सगळ्या मशीन बंद-चालू केल्या त्या रात्री जॉब लांबला तर घाबरू नका, नेटवर्कवरून तरीही बदललेलंच जातं.

तिथे प्रत्येक ग्रुपला एक नेमस्पेस (डेटास्टोअरमधला, म्हणजे तिथल्या बॅकअपच्या साठ्यातला, वेगळा कप्पा) करा. व्हीईमध्ये तेच डेटास्टोअर वेगवेगळ्या नेमस्पेसने दोन-तीनदा स्टोरेज म्हणून जोडता येतं, प्रत्येक जॉबला त्याचं त्याचं स्टोरेज द्यायचं, आणि प्रून जॉब बॅकअप सर्व्हरवर नेमस्पेसप्रमाणे लावायचे. डीडुप आख्ख्या डेटास्टोअरवर होतं, त्यामुळे नेमस्पेस केले म्हणून जागा जास्त लागत नाही. प्रून मात्र एकाच बाजूला ठेवा, सर्व्हरवर, आणि व्हीईला जोडताना असा टोकन (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) द्या ज्याला फक्त डेटास्टोअर बॅकअपचा रोल आहे. तो बॅकअप घेऊ शकतो, रिस्टोअर करू शकतो, जुने उडवू शकत नाही. कुणी व्हीईमध्ये घुसलंच तर त्या टोकनने बॅकअप पुसता येणार नाहीत.

प्रून केलं तरी जागा का मोकळी होत नाही हा प्रश्न पहिल्या आठवड्यात हमखास येतो. प्रून फक्त इंडेक्स काढतं, चंक्स गार्बेज कलेक्शन (जीसी) काढतं, आणि तेही साधारण २४ तासांत हात लागलेले चंक्स सोडून देतं. जीसी रोजचा लावा आणि एक दिवस धीर धरा. एनक्रिप्शन चालू केलं असेल तर त्याची की (किल्ली) क्लस्टरच्या बाहेर कुठेतरी ठेवा, क्लस्टरच गेला आणि की त्यातच होती तर बॅकअप असून नसल्यासारखा.

रिस्टोअर करून बघणे

मेलमध्ये ओके आलं म्हणजे रिस्टोअर होतंच असं नाही. प्रत्येक ग्रुपमधली एक मशीन महिन्यातून एकदा नव्या व्हीएम आयडीवर रिस्टोअर करा, युनिकचा टिक मारा म्हणजे मॅक ॲड्रेस नवा मिळतो, आणि रिस्टोअरनंतर आपोआप स्टार्ट होऊ देऊ नका. आधी हार्डवेअरमध्ये नेटवर्क कार्डाला डिस्कनेक्टचा टिक, मगच स्टार्ट. नाहीतर तोच आयपी घेतलेल्या दोन मशीन नेटवर्कवर येतात, आणि ती डोमेन कंट्रोलर असली तर दिवस गेलाच समजा. कन्सोलमधून लॉगिन करा, सर्व्हिस उठली का बघा, डेटाबेसमधली शेवटची एंट्री कधीची आहे ते बघा. घड्याळ लावून बघा किती वेळ लागला, आणि तो आकडा सुरुवातीला लिहिलेल्या आरटीओशेजारी लिहा. चार तास लागत असतील आणि कागदावर एक तास असेल तर मशीन लाइव्ह रिस्टोअर करून बघा, बॅकअप सर्व्हरवरून ते करता येतं, मशीन लगेच सुरू होते आणि डेटा मागून येत राहतो. तेही पुरत नसेल तर त्या ग्रुपला बॅकअपऐवजी रेप्लिकेशन (डेटाची दुसरीकडे वारंवार होणारी कॉपी) लागणार आहे, आणि ते आधीच वर कळवलेलं बरं.