दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण गाडी काही चालू होत नाही

डॅशबोर्ड झगमगतोय, हॉर्न ठणठणीत, एसीचा पंखा फिरतोय आणि किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’. मागच्या डिसेंबरात पहाटे साडेपाचला कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधे माझं हेच झालं, मागे आई बसलेली, डिकीत तिच्या दोन बॅगा आणि पुणे स्टेशनला ट्रेन गाठायची. वॉचमन म्हणाला बॅटरी, वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतूनच म्हणाले बॅटरी, आईला रिक्षाने पाठवल्यावर जो मेकॅनिक आला तोही म्हणाला बॅटरी आणि नवीन बसवून पैसे घेऊन गेला. दोन दिवसांनी परत ‘टक’.

तर दिवे लागतायत म्हणजे बॅटरी चांगली असं नाही, आणि गाडी चालू होत नाही म्हणजे बॅटरीच गेली असंही नाही. दिव्यांना पाचदहा अँपिअर पुरतात, सेल्फ मोटरला (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) शंभर-दीडशे लागतात, डिझेल असेल तर अजून जास्त. आपल्याकडे नळाला करंगळीएवढी धार असली की तांब्या भरतो पण वरचा शॉवर चालत नाही ना, तसंच आहे हे.

म्हणून आधी खिशातून फोन काढू नका, कान लावा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, हेडलाइट लावा आणि कुणालातरी समोर उभं करून सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाले आणि ‘टटटटट’ असा आवाज आला तर करंट कमी पडतोय, म्हणजे बॅटरी उतरलीये किंवा टर्मिनल (बॅटरीला वायर जोडतात ते टोक) ढिलं आहे. बोनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून बघा, हाताने हललं तर ते ढिलंच. पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासा, बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो, काढताना आधी निगेटिव्ह आणि लावताना निगेटिव्ह शेवटी, हे उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. पुण्यात तापकीर गल्लीत स्वस्तातला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) मिळतो, तो घेऊनच टाका. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवली पाहिजे, १२ च्या खाली म्हणजे उतरलीये, आणि सेल्फ मारताना साडेनऊच्याही खाली कोसळत असेल तर बहुतेक बदलायचीच वेळ आलीये.

आता माझी केस. मीटर १२.६, टर्मिनल स्वच्छ, तरी एकच जाड ‘टक’. असा एकच टक आला की लोक सेल्फ मोटर काढायलाच घेतात, पण थांबा, बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिन-गिअरबॉक्सला अर्थिंगची जाड वायर जाते तिच्याकडे कुणी बघतच नाही. सोपी टेस्ट आहे, जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावायचं, पट्टा-पंख्यापासून लांब, आणि सेल्फ मारायचा. माझी गाडी पहिल्या झटक्यात चालू! अर्थिंगची वायर काढली तर गिअरबॉक्सवरच्या बोल्टखाली पापडासारखा गंज होता, सँडपेपर मारून घट्ट केली, विषय संपला. नव्या बॅटरीचा जोर होता म्हणून दोन दिवस निभावलं होतं एवढंच.

अर्थिंग चांगलं असूनही एकच टक येत असेल तर मग सेल्फ मोटर किंवा तिचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा स्विच). कुणीतरी किल्ली धरून ठेवायची आणि आपण मोटरवर पान्याने हलकेच ठोकायचं, कार्बन ब्रश झिजलेले असतील तर एकदोनदा चालते, पण ते गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतंच. पार्ट जुळवून घ्यायचा तर पुण्यात स्पेअर पार्टची नाना पेठ आहेच.

अजिबात आवाज नाही आणि लाइटही मंद होत नाहीत? मग करंट मोटरपर्यंत जातच नाहीये. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’ ऐवजी ‘एन’ मधे टाकून बघा, मॅन्युअलमधे क्लच पूर्ण दाबा (खालचा मॅट पेडलखाली अडकलेला असतो कधीकधी, हसू नका), सेल्फचा फ्यूज बघा, आणि फ्यूज बॉक्समधे हॉर्नचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) सेल्फच्या रिलेसारखाच असेल तर तो सेल्फच्या जागी लावून बघा. बटन स्टार्टवाल्यांनी रिमोट थेट बटनाला टेकवून दाबा, आतला सेल संपला असला तरी बऱ्याच गाड्या घेतात.

सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर तो सेल्फचा प्रॉब्लेमच नाही, पेट्रोल नाहीतर स्पार्क. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद ‘झूं’ ऐकू येतं का बघा, तो फ्युएल पंप. सीएनजीवाल्यांनो, गाडी दिवसभर गॅसवर पळत असली तरी बऱ्याच गाड्या चालू पेट्रोलवरच होतात, आणि आपण टाकीत दोनशेचं पेट्रोल टाकून महिने काढतो, तेव्हा पेट्रोल आहे का ते बघा. किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह भराभर लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी टाळायचं इलेक्ट्रॉनिक कुलूप) किल्ली ओळखत नाहीये, दुसरी किल्ली लावून बघा. पार्किंगमधे उंदीर असतील तर वायरी कुरतडल्यात का ते टॉर्चने बघा. आणि सेल्फ दहा सेकंदांच्या वर मारू नका, मधे अर्धा मिनिट थांबा, मोटर तापते.

एक मात्र अपवाद. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तसं तुमची गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर यातलं काहीच करू नका, किल्लीसुद्धा फिरवू नका, सिलिंडरमधे पाणी असताना सेल्फ मारला तर इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, सरळ टोइंग बोलवा.

गाडी चालू झाली की लगेच बंद करू नका, आधी मीटर लावा. चालू इंजिनवर साधारण १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे, साडेबारालाच अडकलं असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारा जनरेटर) बॅटरी चार्जच करत नाहीये, मग कात्रज घाट वगैरे विसरा आणि इंजिन बंद न करता थेट गॅरेज गाठा.