रेस सोडली की इंजिन बंद पडतंय? आधी हवेचा मार्ग तपासा

गाडी धावताना ठणठणीत, पण सिग्नलला पाय उचलला की आरपीएमचा काटा खाली येतो आणि इंजिन बंद. अशा वेळी घाईघाईने प्लग, कॉइल, फ्युएल पंप बदलले जातात. पेट्रोलच्या इंजेक्शनवाल्या गाडीत मात्र दोष बरेचदा हवेच्या बाजूला निघतो. रेस सोडल्यावर थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची, चकती जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिनाला फक्त कडेच्या बारीक फटीतून, जुन्या रचनेत आयडल (रेस न देता चालतानाच्या) व्हॉल्व्हच्या आडवाटेने, हवा मिळते. तिथे काजळी साचली की हवा अपुरी पडते. रेस दिली की चकती उघडते, म्हणून चालत्या गाडीत काहीच जाणवत नाही.

हत्यार हातात घेण्याआधी इंजिन नेमकं कधी बंद पडतं ते पाहा. एसी लावल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पडत असेल, तर थ्रॉटल बॉडीपासून (चकती जिच्यात बसते त्या नळीपासून) सुरुवात करा. टाकी भरल्यावर लगेच पडत असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकल्याची शंका घ्या. इंजिन तापल्यावर, आधी जराही न थरथरता, स्विच बंद केल्यासारखं पडत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिनाच्या दांड्याचं फिरणं मोजणारा) तपासा.

थ्रॉटल बॉडी साफ करताना इंजिन थंड, चावी बंद आणि जागा मोकळ्या हवेची हवी. क्लीनर पटकन पेट घेतो. एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढा. थ्रॉटल बॉडीचाच क्लीनर फडक्यावर घ्या आणि चकतीची कड व ती जिथे टेकते ती भिंत पुसा. चकतीच्या मागच्या बाजूलाही काजळी असते, ती बऱ्याचदा राहून जाते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर चावी चालू ठेवून बोट आत घालू नका, मोटर चकती झटक्यात मिटवते. चावी बंद असतानाही चकतीवर जोर नको, आतले गिअर प्लॅस्टिकचे असू शकतात. खरवडू नका, काही चकत्यांवर लेप असतो. आणि चकतीचा स्टॉप स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवण्याचा मोह टाळा. तो कारखान्यातच बसवलेला असतो, हलवला की कॉम्प्युटरचा हिशेब चुकतो.

सफाईनंतर आरपीएम काही काळ वर-खाली होईल. काजळीची सवय झालेल्या कॉम्प्युटरला नवी फट शिकावी लागते. एसी, दिवे बंद ठेवून इंजिन पूर्ण तापू द्या, दहा मिनिटं नुसतं चालू ठेवा, मग एसी लावून काही मिनिटं. तापलेलं इंजिन साधारण ७०० ते ८५० आरपीएमवर स्थिरावायला हवं. काही गाड्यांत हे शिकवणं गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरनेच करावं लागतं. मॅन्युअलमध्ये पद्धत दिलेली असते.

एवढं करूनही फरक पडला नाही तर हवेची गळती शोधा. फुसफुस आवाज ऐका, ब्रेक बूस्टरचा होज, पीसीव्हीचा (इंजिनातला वायू परत आत नेणाऱ्या व्हॉल्व्हचा) पाइप आणि त्यांची वळणं वाकवून पाहा. रबर बाहेरून धड दिसलं तरी वाकवल्यावर चीर उघडते. चालू इंजिनात संशयित जोडावर साबणाचं पाणी थोडंसं मारा, वायरी आणि कॉइल सांभाळून. आवाज किंवा आरपीएम क्षणभर बदलला, तर गळती तिथेच. तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनाला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांवर) क्लीनर मारू नका.

स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो) बघा, अंदाजाचं काम वाचतं. आयडलला ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ, तर गळती. दोन्हीकडे अधिकच राहिला, तर एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) किंवा इंधनाचा दाब तपासा. आयडलला तो बराच उणे दिसला, तर पर्ज व्हॉल्व्हकडे या: थंड इंजिन आयडलला असताना त्याचा कॅनिस्टरकडचा (वाफ साठवणाऱ्या डब्याकडचा) पाइप काढून व्हॉल्व्हच्या तोंडाला बोट लावा. ओढ लागत असेल तर व्हॉल्व्ह गळतोय, तो बदलाच. एअरफ्लो सेन्सर त्याच्याच क्लीनरने धुवा, तारेला हात लावू नका आणि पूर्ण वाळल्याशिवाय जोडू नका.

कार्ब्युरेटरवाल्या गाडीत मुख्य संशयित स्लो जेट, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल सोडणारी छोटी नळी. त्याचं भोक इतकं बारीक की वाळलेलं पेट्रोलही ते बुजवतं. जेट काढून क्लीनर आणि हवेच्या दाबाने मोकळा करा. तार घातली तर भोक मोठं होतं आणि मिश्रण कायमचं बिघडतं.