आगोटीआधी लावून घ्या: तीन संगणक, एक कीबोर्ड

मिरग लागायच्या आत घरातली कामाची जागा नीट लावून घेतलेली बरी. आंब्याच्या बिलांचा जुना डेस्कटॉप, मुंबईच्या कंपनीचा लॅपटॉप आणि मुलांचा रास्पबेरी पाय (हातावर मावणारा छोटा संगणक), असे तीन संगणक एकाच टेबलावर असणं रत्नागिरी-देवगडकडे आता नवलाचं राहिलेलं नाही. त्यांना मिळून एकच कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर पुरतो. मधे केव्हीएम स्विच नावाची पेटी लागते. ती हे तिन्ही हव्या त्या संगणकाकडे वळवून देते.

ती मागवण्याआधी कागद घेऊन बसा आणि प्रत्येक संगणकाला चित्रासाठी कोणतं पोर्ट आहे ते लिहा. सगळा गोंधळ इथेच होतो. डेस्कटॉपला फक्त व्हीजीए (चित्राचं जुन्या पद्धतीचं पोर्ट) असेल तर व्हीजीएचं एचडीएमआय (हल्लीचं पोर्ट) करणारा कन्व्हर्टर लागेल. उलट दिशेचा त्याच्यासारखाच दिसतो, पण चालत नाही, तेव्हा दुकानात दिशा स्पष्ट सांगा. रास्पबेरी पाय ४ ला मायक्रो एचडीएमआय, म्हणजे त्याच पोर्टाचं छोटं रूप, असतं, तेव्हा केबल त्याच मापाची घ्या. लॅपटॉपला नुसतं टाइप-सी असेल तर त्यातून चित्र बाहेर येतं का, हे मॉडेल नंबरावरून तपासा. प्रत्येक टाइप-सीतून येत नाही. मॉनिटर ४के असेल तर एचडीएमआय २.० ची पेटी घ्या. १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं आणि माऊसचा बाण अडखळतो. फुल एचडीला १.४ पुरेसं आहे.

पेटीत ईडीआयडी इम्युलेशन, म्हणजे मॉनिटर कायम जोडलेलाच आहे असं प्रत्येक संगणकाला भासवायची सोय, आहे का, हेही विचारा. ते नसेल तर दुसऱ्या संगणकावर गेलात की पहिल्याला मॉनिटर काढून घेतल्यासारखं वाटतं आणि परत येईपर्यंत उघड्या खिडक्या इकडच्या तिकडे झालेल्या असतात. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, हे सोडू नका.

केबली मोजा: दर संगणकामागे दोन, एक चित्राची आणि एक यूएसबीची. एका संगणकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी स्क्रोल लॉक दोनदा दाबायचं असेल, तर ते बटण आपल्या कीबोर्डवर आहे ना, ते बघा. पेनड्राइव्ह पेटीला लावू नका. फाइल उतरत असताना संगणक बदलला तर तो मधेच उपटल्यासारखा होतो.

मराठी टंकणाऱ्यांनी एक काम आधीच करावं. पेटी फक्त कोणतं बटण दाबलं एवढंच कळवते. त्याचं अक्षर कोणतं, हे तो तो संगणक ठरवतो. म्हणून तिन्हीकडे इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांची ठरलेली बटण-मांडणी) बसवा आणि भाषा बदलायची बटणंही सारखी ठेवा. नाहीतर पावती एकीकडे बरोबर आणि दुसरीकडे भलतीच उमटेल.

पेटीऐवजी कीबोर्ड-माऊस नेटवर्कवरून वाटून देणारं सॉफ्टवेअर वापरायचा विचार असेल, तर त्याला प्रत्येक संगणकाचा स्वतःचा पडदा आणि चालू नेटवर्क लागतं. शिवाय कंपनीच्या लॅपटॉपवर ते टाकायची परवानगी लागते. एकच मॉनिटर असेल तर पेटीच घ्या.

आता विजेचं. यूपीएसवर डेस्कटॉपबरोबर मॉनिटर आणि पेटीचा अडॅप्टरही घ्या. लाइट गेल्यावर संगणक चालू आणि पडदा काळा, मग बिल सेव्ह कसं करणार? सगळं एकाच अर्थिंगच्या बोर्डावर लावा आणि ते अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आभाळ दाटून आलं की, गडगडायच्या आतच, बोर्डाचा आणि नेटच्या वायरचा प्लग भिंतीतून काढा. हे तिघे आता तारांनी एकमेकांना बांधलेले आहेत. एकात शिरलेला झटका बाकीच्यांपर्यंत पोचू शकतो.

खाऱ्या, दमट हवेत पोर्टांच्या पट्ट्या काळ्या पडतात. रिकाम्या पोर्टांना रबरी टोपणं घाला, पेटी खिडकीपासून लांब आणि भिंतीपासून सुटी ठेवा. जादा केबल डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

शेवटी केबलींच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर संगणकाचं नाव लिहा आणि चाचणी घ्या: पेटी दुसऱ्याच संगणकावर असताना प्रत्येक संगणक बंद करून चालू करा, डेस्कटॉप आणि लॅपटॉप झोपवून (स्लीपमध्ये टाकून) उठवा, आणि तिकडे वळल्यावर चित्र व कीबोर्ड दोन्ही येतात का बघा. दुकान बदलून देतं त्या मुदतीतच हे उरका.