जुन्या फॉन्टमधील लेख ऐकण्याजोगे करताना

पुण्यातील जुन्या वाड्यांविषयी मी चालवत असलेल्या संकेतस्थळावरील सुरुवातीचे लेख युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले होते; युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतंत्र संकेतांक देणारी प्रमाण पद्धत. डोळ्यांना ते मराठीच दिसत. परंतु त्या अक्षरांमागचे संकेतांक रोमन लिपीचे असल्यामुळे, सदाशिव पेठेतील एका दृष्टिहीन निवृत्त शिक्षकांनी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावली, लावला, तेव्हा त्यांना केवळ निरर्थक रोमन अक्षरे ऐकू आली.

सर्व मजकूर फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला. तरीही रफार आणि ऱ्हस्व वेलांटी आपली जागा सोडतात, त्यामुळे प्रत्येक लेख मूळ प्रतीशी ताडून पाहावा लागला. काम कंटाळवाणे खरे, पण त्याला जवळची वाट नाही. त्यानंतर एचटीएमएलमधील (वेबपाने ज्या भाषेत रचतात तिच्यातील) ‘लँग’ या गुणधर्मात इंग्रजीऐवजी मराठीचा संकेत घातला, कारण कोणत्या भाषेचा आवाज वापरायचा, हे स्क्रीन रीडर त्यावरून ठरवू शकतो.

छायाचित्रांच्या पर्यायी मजकुरात, म्हणजे चित्राच्या जागी स्क्रीन रीडर जो वाचतो त्यात, ‘वाडा १’ असे न ठेवता ‘विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी सज्जा’ असे लिहिले. निव्वळ शोभेच्या चित्रांसाठी मात्र तो मजकूर रिकामा ठेवावा, अन्यथा ऐकणाऱ्याला प्रत्येक वेलबुट्टीची दखल घ्यावी लागते.

फिकट करडी अक्षरे मला आजही आवडतात. तथापि डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या ‘एए’ पातळीनुसार साध्या मजकुरासाठी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतील रंगभेदाचे प्रमाण किमान ४.५:१ लागते, म्हणून ती गडद केली. टॅब कळीने फिरणाऱ्यांसाठी दुव्यांभोवतीची चौकट पुन्हा दाखवली, आणि ओळींमधील अंतर वाढवल्यावर वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील मात्रांना भिडेनासे झाले.